चाकण नावाचं स्विंग स्टेट

हनुमंतशेठनी टेबलावर आमच्या औद्योगिक पट्ट्याचा नकाशा पसरला. भोसरीवर निळा स्केचपेन फिरवला, पिंपरी-चिंचवडच्या जुन्या वसाहतीवर लाल आणि चाकणवर पिवळा. मग पिवळ्यावर बोट ठेवून म्हणाले, "ताई, हे आपलं पेनसिल्व्हेनिया."

मी लिहून घेतलं. क्लायंट ज्या भाषेत बोलतो त्याच भाषेत आपण बोलायचं, असा आमच्या धंद्यातला शिरस्ता आहे.

माझी चिंचवडला मार्केट रिसर्चची छोटी एजन्सी आहे. मिक्सर कोण घेतं, का घेतं, इंजिन ऑइलचा डबा निळा असावा की पिवळा, असल्या प्रश्नांची उत्तरं लोकांना भेटून गोळा करायची आणि कंपन्यांना द्यायची, हे माझं काम. निवडणुकीचा सर्व्हे मी कधी केला नव्हता. हनुमंतशेठच्या प्रेस शॉपचा एकदा ग्राहक-सर्व्हे केला होता, तेवढीच ओळख.

शेठ मूळचे रहाटणीचे. घरची शेती होती, तिथे आता इमारती आहेत. तरुणपणी त्यांनी भोसरीत एक गाळा घेऊन पत्र्याचे पार्ट ठोकायला सुरुवात केली. आता चार शेड आहेत. लेक अमेरिकेत असते. तिच्याकडे ते गेले तेव्हा तिकडे अध्यक्षाची निवडणूक चालू होती. बाहेर थंडी, जावई कामावर, मग शेठ अख्खा मुक्काम टीव्हीसमोर बसले. तिथून ते दोन शब्द घेऊन आले: स्विंग स्टेट आणि रनिंग मेट.

ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. अमेरिकेत बरीच राज्यं वर्षानुवर्षं एकाच पक्षाला मत देतात, त्यामुळे तिथे उमेदवार फारसे फिरकत नाहीत. थोडी राज्यं मात्र इकडची की तिकडची हे शेवटपर्यंत कळत नाही. ती स्विंग स्टेट. पेनसिल्व्हेनिया त्यातलंच. सगळ्या सभा, जाहिराती, सर्व्हे तिथेच होतात. रनिंग मेट म्हणजे अध्यक्षपदाच्या उमेदवारासोबत उपाध्यक्षपदाला उभा राहणारा जोडीदार. मत दोघांना मिळून एकच पडतं.

आमच्याकडच्या लघुउद्योजकांच्या संघटनेतही, का कोण जाणे, असंच आहे. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष जोडीनं उभे राहतात, मत जोडीला. हे पद काही शोभेचं नाही. वीज गेली, पाणी आलं नाही, रस्ता खचला, तर सरकारी साहेबांसमोर जाऊन बसायचा मान आणि त्रास अध्यक्षाचा. शेठ गेल्या खेपेला पडले होते. भोसरी त्यांच्या मागे होती, जुनी वसाहत विरोधात होती आणि चाकणनं त्यांना पाडलं होतं. साठी उलटली होती. ही शेवटची खेप, असं त्यांनी घरी कबूल केलं होतं.

जोडीदार ठरलेला होता. प्रभाकर देव. एका मोठ्या कंपनीच्या टूल रूममधली नोकरी सोडून त्यांनी भोसरीत हार्डनिंगचा कारखाना काढला होता. हार्डनिंग म्हणजे लोखंडाचा भाग भट्टीत तापवून कडक करणं. शेठची पहिली डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, देवांनी नोकरीत असताना रविवारी-रविवारी येऊन बसवून दिली होती. तेव्हापासूनची मैत्री. नावं दोघांची एकत्रच घेतली जात.

"सर्व्हे फक्त चाकणचा करायचा," शेठ म्हणाले. मी म्हटलं, भोसरीचाही करू, थोडा का होईना. त्यांनी नकाशावरच्या निळ्या रंगाकडे पाहिलं. "घरच्या माणसांना मत विचारायचं म्हंजे त्यांचा अपमान हाय, ताई."

मी पुन्हा एकदा सांगून पाहिलं. ते हसले आणि चहा मागवला. विषय संपला.

शितावरून भाताची परीक्षा करतात, सर्व्हेही तसाच असतो. फक्त आधी पातेलं ढवळावं लागतं. वरवरची चार शितं उचलली तर वरचाच भात कळतो. म्हणून सभासदांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी नावं काढायची आणि ज्याचं नाव निघेल त्यालाच भेटायचं, शेजारी कितीही गप्पिष्ट असला तरी.

माझ्यासोबत शबाना होती. ती काळेवाडीची. आमच्याकडे फील्डचं काम तीच बघते, आणि ज्याला बोलायचं नसतं तो माणूसही तिच्याशी बोलतो. आम्ही महाळुंगे, कुरुळी, नाणेकरवाडी असं फिरलो. कंटेनरच्या रांगेत अर्धा दिवस जायचा. मालक ऑफिसात सापडत नसत, मशीनपाशी सापडत. तिथे आवाजात ओरडून प्रश्न विचारायचे आणि त्यांनी ओरडून द्यायची उत्तरं लिहायची. गुप्त मतदानाच्या सर्व्हेला ही काही आदर्श परिस्थिती नाही.

पहिल्या दिवशी आम्हाला कळलं की चाकणमध्ये सगळेच सगळ्यांना मत देणार आहेत. शेठ का? देऊ की, चांगला माणूस आहे. समोरचे का? तेही चांगले. माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. मग शबानानं जुनी युक्ती काढली. तुम्ही कोणाला देणार हे विचारायचंच नाही. शेजारच्या शेडमधले कोणाला देतील असं विचारायचं. स्वतःचं मत लपवणारा माणूस शेजाऱ्याचं मत मोकळेपणानं सांगतो, आणि बहुतेक वेळा ते त्याचंच असतं.

त्यानंतर उत्तरं धडाधड आली. शेठविरुद्ध कोणाची तक्रार नव्हती. तक्रार होती देवांविरुद्ध.

देव पूर्वी संघटनेचे सचिव होते. त्या काळात चाकणमध्ये वीज सारखी जायची. मशीन मधेच बंद पडून माल वाया जायचा. लोकांनी मीटिंग बोलावली, देव आले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग भोसरीत सुरुवातीला किती वाईट परिस्थिती होती हे सविस्तर सांगितलं. एक प्लास्टिकवाला म्हणाला, "आम्ही आमचं दुखणं सांगितलं. त्यांनी त्यांचं त्याहून मोठं काढून दाखवलं आणि निघून गेले." ही मीटिंग होऊन बरीच वर्षं झाली होती, पण चाकणमध्ये ती कालच झाल्यासारखी सांगितली जात होती. जे त्या मीटिंगला नव्हते तेही सांगत होते.

दुसरी गोष्ट आम्ही विचारलीच नव्हती. वैशाली शिंदे हे नाव लोक आपणहून घेत होते. लातूरकडच्या, मोल्डिंगचं युनिट चालवणाऱ्या. चाळिशीच्या. एकदा त्यांच्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळाला तेव्हा त्या वीज ऑफिसात जाऊन बसल्या आणि नवीन ट्रान्सफॉर्मर गाडीवर चढलेला बघूनच उठल्या. भांडल्या नाहीत. नुसत्या बसल्या, डबा उघडून जेवल्या आणि साहेबांनाही त्यातली चटणी दिली.

मी शेठना फोन करून विचारलं की प्रश्नावलीत एक बदल करू का. ते म्हणाले करा, कोणता ते त्यांनी विचारलं नाही. उरलेल्या नावांचे आम्ही दोन भाग केले. अर्ध्यांना विचारलं, शेठ आणि देव अशी जोडी असेल तर? बाकीच्या अर्ध्यांना विचारलं, शेठ आणि शिंदे असतील तर? एकाच माणसाला दोन्ही जोड्या विचारल्या तर तो तुलना करत बसतो आणि आपल्याला काय ऐकायचंय ते ओळखतो. वेगवेगळ्यांना विचारलं तर दोन उत्तरांमधला फरक हा जोडीदाराचा फरक.

फरक इतका होता की टक्केवारी काढायची गरज नव्हती. मी काढली, कारण क्लायंटला टक्केवारी लागते.

रिपोर्ट द्यायचा तेव्हा मी शेठना सांगितलं की आपण दोघंच बसू. भोसरीला त्यांच्या ऑफिसात पोहोचले तर देव आधीच येऊन बसले होते. शेठ म्हणाले, "ह्याच्यापासून काय लपवायचंय?"

अशा वेळी काय करावं हे कोणत्याही पुस्तकात नाही. मी लॅपटॉप उघडला आणि पहिल्या स्लाइडपासून सुरुवात केली. खाली प्रेस चालू होते. दर ठोक्याला टेबलावरचं पाणी हलत होतं. देवांचं नाव असलेली स्लाइड आली तेव्हा मी आवाज बदलला नाही. मिक्सरच्या झाकणाबद्दल जशी बोलले असते तशीच बोलले.

देवांनी चष्मा पुसून स्लाइड पुन्हा वाचली. मग मला दोन प्रश्न विचारले. नावं कशी निवडली, आणि दोन भाग करताना मोठे कारखाने एकीकडे आणि छोटे दुसरीकडे गेले नाहीत ना? आजवर मला इतका चांगला प्रश्न कुठल्याही क्लायंटनं विचारलेला नाही. मी सांगितलं, तसं झालेलं नाही, तपासलंय.

"पद्धत बरोबर आहे," देव म्हणाले.

देव शेठकडे बघत होते. शेठ स्क्रीनकडे बघत होते.

शेवटी शेठ म्हणाले, "मी काय बोलणार? आकडेच सांगतायत."

"मला उभा राहा असं आकड्यांनी सांगितलं नव्हतं, हनुमंत," देव म्हणाले. "तू सांगितलं होतंस. नको राहू हेही तूच सांग."

शेठनी ते सांगितलं नाही. त्यांनी चहा मागवला. देवांनी आपला चहा पूर्ण प्यायला, कप बशीत नीट ठेवला, रिपोर्टची एक प्रत मिळेल का असं मला विचारलं आणि गेले. प्रत द्यावी का म्हणून मी शेठकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली, मी ती पाठवून दिली. मला त्या दिवशी घरी जाऊन जेवण गेलं नाही. सर्व्हेच्या रिपोर्टवर कोणाचा चेहरा बघून परिणाम होऊ नये, असं मी नव्या मुलींना शिकवते. रिपोर्टवर झाला नव्हता, एवढंच.

दोन दिवसांनी वैशालीताईंचा फोन आला. माझा नंबर त्यांनी शबानाकडून घेतला होता. शेठ त्यांच्याकडे जाऊन आले होते. देवसाहेबांची संमती आहे, असं शेठनी त्यांना सांगितलं होतं. "मॅडम, मला खरं सांगा बरं," त्या म्हणाल्या. "त्यांची संमती हाय का?"

मी म्हटलं, क्लायंटच्या ऑफिसात झालेलं बोलणं मी बाहेर सांगू शकत नाही.

"मग समजलं," त्या म्हणाल्या. "मी त्यांनाच जाऊन विचारते."

त्या खरंच गेल्या, भोसरीला, देवांच्या कारखान्यात. तिथे काय झालं ते त्यांनीच मला नंतर सांगितलं. देवांनी त्यांना भट्टी दाखवली, बसायला खुर्ची दिली आणि म्हणाले, उभ्या राहा. चाकणला माझ्यापेक्षा तुमचा उपयोग जास्त आहे, हे मी वाचलंय. मग सचिव असताना विजेच्या प्रश्नावर कोणाकोणाला भेटावं लागलं, कोण खरं बोलतं आणि कोण नुसतं चहा पाजतं, हे सगळं त्यांना समजावून सांगितलं. वैशालीताई म्हणाल्या, "त्या मीटिंगला हे सांगितलं असतं तर आज माझी गरजच पडली नसती."

जोडी जाहीर झाली, संघटनेच्या ग्रुपवर मेसेज टाकून. शेठ आणि वैशालीताईंचा फोटो, खाली घोषणा. देवांचं नाव कुठेच नव्हतं, आभारातही नाही. शेठना ते सुचलं नाही असं मला वाटत नाही. काय लिहावं ते सुचलं नसेल.

चाकणमध्ये प्रचार जोरात झाला. शेठ रोज तिकडे. वैशालीताई त्यांना शेडमध्ये घेऊन जायच्या आणि मालकाला म्हणायच्या, आधी तुम्ही बोला, शेठ ऐकतील. शेठना ऐकायची सवय नव्हती, पण लावून घेतली. मी मतदानाच्या आठवडाभर आधी त्यांना फोन केला आणि म्हटलं, भोसरीत एक चक्कर मारून येऊ का, छोटासा सर्व्हे, रिपोर्ट वगैरे काही नको. ते म्हणाले, गरज न्हाई, परवाच भोसरीकरांना जेवण दिलं, एकूण एक माणूस आला होता.

मी त्यांना सांगितलं की जेवायला आलेली माणसं सर्व्हेत धरत नाहीत. त्यांना तो विनोद वाटला.

मतदान चिंचवडला संघटनेच्या हॉलमध्ये झालं, प्रत्येक भागाची पेटी वेगळी. मला बोलावलं नव्हतं, पण आपला आकडा खरा ठरतो का हे बघायची खाज असतेच. मी रस्त्याच्या पलीकडे उसाच्या रसाच्या दुकानात बसले. चाकणच्या गाड्या एकामागोमाग आल्या. लोक उतरत होते, हसत होते, आत जात होते. भोसरीवरून देव आले, स्कूटरवर. त्यांनी हेल्मेट काढलं, आत गेले, बाहेर आले, मला पाहून मान डोलावली आणि गेले. त्यांनी मत कोणाला दिलं ते मला माहीत नाही. अंदाज आहे. त्यांच्यामागून भोसरीची माणसं येतील म्हणून मी वाट बघत राहिले. तुरळक आली.

चाकणमध्ये आमच्या सर्व्हेनं जे सांगितलं होतं जवळजवळ तेवढीच मतं शेठना पडली. माझ्या आयुष्यात माझा आकडा इतका नेमका कधी आला नव्हता. जुनी वसाहत विरोधात जाणार होती, ती गेली. आणि शेठ हरले. थोडक्यात हरले, भोसरीतली एक गल्ली नेहमीप्रमाणे मतदानाला आली असती तरी भागलं असतं.

क्लायंट हरल्यावर सर्व्हेवाल्यांना कोणी बोलावत नाही. आम्ही आपणहूनच गेलो, शबाना आणि मी. पैसे कोणी देणार नव्हतं. मला झोप लागत नव्हती म्हणून गेलो. भोसरीत लोकांनी कारणं सांगितली. एकाची डिलिव्हरी होती, एकाकडे ऑडिट होतं. एकाच्या मेव्हणीचा साखरपुडा आळंदीला होता. तिथे त्याच्यासोबत गल्लीतले निम्मे लोक कसे काय गेले, हे त्यानं सांगितलं नाही.

एका गल्लीच्या टोकाला स्प्रिंगा बनवणारे एक म्हातारे मालक होते. त्यांनी आम्हाला स्टूल दिलं आणि सरळ बोलले. "ह्या गल्लीत ज्याचा ज्याचा पार्ट कधी चिरला, त्याच्याकडं देवसाहेब येऊन बघून गेलेत. न बोलावता. आमी शेठला मत देत व्हतो ते दोघांचं मिळून व्हतं."

शबानानं विचारलं, देवांना काढलं म्हणून तुम्ही गेला नाहीत का?

"काढलं त्याचं काय न्हाई. चाकणला ते चालत नव्हते, आमालाबी दिसत व्हतं. पण ते आमाला मोबाइलवर कळलं. शेठनं गल्लीत येऊन सांगायचं व्हतं, बाबांनो, असं असं करावं लागतंय."

"मग तुम्ही मत दिलं असतं?"

"दिलं असतं की," ते म्हणाले. "शिव्या देऊन दिलं असतं."

मी हे शेठना जाऊन सांगितलं. टेबलावर नकाशा नव्हता. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले की अमेरिकेत टीव्हीवर हे कुठं दाखवलं नव्हतं. मी म्हटलं, तिथेही होत असेल, पण स्विंग स्टेटमध्ये कॅमेरे असतात, बाकीकडे नसतात. ते उठून खिडकीपाशी गेले. खाली त्यांचीच शेड होती. "मला त्याला सांगता आलं न्हाई, ताई," ते म्हणाले. "इतकी वर्षं त्याला काय सांगायची वेळच आली नव्हती. आपोआप कळायचं."

निवडून आलेल्या समोरच्या जोडीनं वैशालीताईंना चाकणची जबाबदारी दिली. त्यांना मिळालेली मतं बघता दुसरा पर्याय नव्हता. त्यांनी पहिल्याच महिन्यात वीज ऑफिसला डबा नेला, असं ऐकलं.

शेठ आणि देव बरेच दिवस बोलत नव्हते. पुढचं मला देवांनी सांगितलं. एका सकाळी शेठ त्यांच्या कारखान्यात आले, हातात तडा गेलेला पंच घेऊन. पंच म्हणजे पत्र्याला भोक पाडणारा कडक लोखंडी तुकडा. हे काम शेठ कारखान्यातल्या कोणालाही पाठवून करू शकले असते. देवांनी पंच उजेडात धरून पाहिला आणि सांगितलं, फार कडक केलाय, पुन्हा मंद तापवून ठिसूळपणा काढायचं टेम्परिंग कमी पडलंय. शेठ म्हणाले, "माझं चुकलं."

"पंचाचं काम कोणाकडे दिलं होतंस?" देवांनी विचारलं.

"पंचाचं म्हणत न्हाई मी," शेठ म्हणाले.

देवांनी मला इतकंच सांगितलं, आणि मग लगेच सॅम्पल काढायच्या एका पद्धतीबद्दल विचारायला लागले. ते हल्ली वाचतात त्यावर.

आता माझ्याकडे निवडणुकीची कामं येतात. सोसायट्या, पतसंस्था, एक क्लब. प्रत्येक क्लायंट सांगतो की अमुक भाग आपलाच आहे, तिथे विचारायची गरज नाही. मी त्या भागाचं नाव लिहून घेते आणि शबानाला तिथे सगळ्यात आधी पाठवते.